घरच्या सिनेमाचा खर्च: बारामती-इंदापूरकरांनी पैसे कुठे घालावेत?

दुकानात टीव्हीवर लावलेल्या किमतीवरून घरात सिनेमा पाहण्याचा खर्च कळत नाही. नामवंत कंपनीचा साधा ५५ इंची फोर-के टीव्ही साधारण ४० ते ५० हजारांत येतो. पण तो पाच वर्षे वापरायचा म्हटले, तर महिन्याला पाचशेच्या आसपास इंटरनेट आणि तेवढीच ओटीटीची वर्गणी धरून आणखी ६० हजार जातात. साउंडबार, भिंतीवरचा स्टँड आणि स्टॅबिलायझर धरला की हिशेब सव्वा लाखाच्या घरात पोहोचतो. म्हणून टीव्हीला किती घालायचे ते सगळ्यात शेवटी ठरवा. खरेदीच्या रकमेतला चौथा हिस्सा तरी आवाजासाठी बाजूला काढा. त्यापायी पडदा दहा इंच लहान घ्यावा लागला तरी बिघडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकार ठरवते ती खोली. बसण्याच्या जागेपासून पडद्यापर्यंतचे अंतर इंचात मोजा आणि त्याला १.६ ने भागा. आठ फूट म्हणजे ९६ इंच. भागाकार ६० येतो, म्हणजे ५५ किंवा ६५ इंची टीव्ही चालेल. सहा फुटांवर ४३ इंची पुरतो, तो २२ ते ३० हजारांत मिळतो. भिगवण रोडवरच्या फ्लॅटमध्ये सोफा आणि भिंत यांत बहुधा सात-आठ फूट असतात. वस्तीवरच्या बंगल्यात हॉल मोठा असतो, पण माणसे बसतात कुठे ते बघून मोजा.

आपल्याकडे टीव्ही फार उंच टांगतात. शोकेसच्या वर, जवळजवळ लॉफ्टखाली. तीन तासांचा सिनेमा मान वर करून पाहवत नाही. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत हवा. सोफ्यावर बसणार असाल तर जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास, आणि घरातली मंडळी सतरंजीवर बसत असतील तर त्याहून बरेच खाली. भोके पाडण्यापूर्वी जुन्या खोक्याचा पुठ्ठा टीव्हीच्या मापाने कापून भिंतीला लावून पाहा.

भावाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, प्रोजेक्टरवरचाही. केवळ करामुळेच किंमत पावणेआठ टक्क्यांनी उतरते. दुकानदार ती घट आपली सूट म्हणून सांगत असेल तर खरी सूट वेगळी विचारा. ओएलईडी टीव्ही फार सुंदर दिसतो, पण ५५ इंचीलाच लाखाच्या पुढे जावे लागते. बहुतेक घरांना त्याची गरज नाही.

आता आवाज. टीव्ही पातळ झाले तसे त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसले. संवाद पुटपुटल्यासारखे येतात, गाणे लागले की घर दणाणते, आणि रिमोट सतत हातात राहतो. घरातल्या वयस्कर माणसांना याचा सर्वांत जास्त त्रास होतो. यात दोष खोलीचाही असतो. गुळगुळीत फरशी, प्लास्टर केलेल्या उघड्या भिंती, वर स्लॅब किंवा पत्रा, मग शब्द घुमणारच. पहिला खर्च हजार-दीड हजाराचा आहे: खिडकीला जाड पडदे आणि फरशीवर सतरंजी. गोधड्या घरात असतातच, त्या समोर अंथरल्या तरी फरक ऐकू येतो. हे करून मग साउंडबार घ्या. सहा ते बारा हजारांत सबवूफरसह २.१ चा मिळतो. त्यात थोडे पैसे घालून ३.१ मिळत असेल तर तोच घ्या, कारण त्यातला मधला स्पीकर मुख्यतः संवादासाठी असतो. मागे स्पीकर असलेला ५.१ चा संच १८ ते ३० हजारांत येतो. मागे तार नेण्याची आणि स्पीकर ठेवण्याची जागा असेल तरच त्याच्या वाटेला जा. डब्यावरचे पीएमपीओ वॅट विसरा, आरएमएस पाहा. साउंडबार जोडायला टीव्हीला एचडीएमआय एआरसी किंवा ई-एआरसी पोर्ट आहे ना, ते मागे हात घालून तपासा.

दुकानात विक्रेता लावील त्या प्रात्यक्षिकावर निर्णय घेऊ नका. ‘सैराट’ लावायला सांगा. उजनीच्या पलीकडे, करमाळा तालुक्यात चित्रित झालेला हा २०१६ चा सिनेमा इथल्या प्रत्येकाच्या कानात आहे. अजय-अतुल यांनी त्याचे वाद्यवृंदाचे संगीत लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केले. व्हायोलिनचा ताफा वेगळा ऐकू येतो की सगळे एकत्र कालवले जाते ते पाहा. मग आवाज अगदी कमी करून संवाद ऐका. कमी आवाजात शब्द कळले तर संच चांगला.

प्रोजेक्टरची हौस अनेकांना असते. १०० इंची चित्र सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच होते, त्याची मजा टीव्हीला नाही. पण दिवसा उजेडाच्या खोलीत ते फिके पडते. १२ ते २० हजारांच्या प्रोजेक्टरवर ‘१०८० सपोर्ट’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ मूळ चित्र तेवढे स्पष्ट असेलच असा नाही. ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन आणि ‘अ‍ॅन्सी’ ल्यूमेन विचारा. खरोखर उजळ यंत्र ६० हजारांच्या पुढे जाते, पडद्याचे चार-आठ हजार वेगळे. साखर कारखान्याच्या परिसरात गाळप हंगामात राख उडते, ती प्रोजेक्टरच्या पंख्यावाटे आत जाते. वर्षातून दोन-चार वेळा अंगणात सगळ्या भावकीने सिनेमा पाहायचा असेल, तर त्यापुरता प्रोजेक्टर भाड्याने आणणे शहाणपणाचे.

विजेकडे दुर्लक्ष करू नका. शेतीपंपांचा भार असलेल्या रोहित्रावर दाब वर-खाली होतो. बहुतेक नवे टीव्ही कमी दाब सहन करतात, धोका अचानक वाढलेल्या दाबाचा. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासा, मग जादा दाबाला बंद पडणारा स्टॅबिलायझर दीड ते तीन हजारांत घ्या. वळवाचा पाऊस गडगडू लागला की प्लग काढा, डिशची वायरही काढा. ५५ इंची टीव्ही रोज तीन तास चालला तर महिन्याला दहा-बारा युनिट जातात. फार नाही, पण १०० युनिटच्या पुढे घरगुती दर जवळपास दुप्पट होतो.

इंटरनेट घेताना गरज पाहा. नेटफ्लिक्सला फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग पुरतो, म्हणजे ३० एमबीपीएसची सर्वांत स्वस्त योजना घरभर चालते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भिस्त ठेवू नका: एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत, फोर-के ७ जीबीपर्यंत डेटा खाते, दिवसाचा दोन जीबी मध्यंतरापर्यंतही टिकणार नाही. नेटफ्लिक्सच्या १९९ रुपयांच्या योजनेत ७२० पिक्सेलचेच चित्र मिळते. फोर-केसाठी महिना ६४९ रुपये लागतात. ज्या वाडीत फायबर पोहोचले नाही, तिथे डीडी फ्री डिश एकदा बसवली की महिन्याचा खर्च शून्य.

ऑनलाइन घेण्यापूर्वी आपला पिन कोड, बारामती शहराचा ४१३१०२ किंवा इंदापूरचा ४१३१०६, टाकून घरी सेवा मिळते का ते कंपनीच्या ग्राहक सेवेकडून विचारून घ्या. पॅनेल फुटले तर दुरुस्ती टीव्हीच्या निम्म्या किमतीच्या पुढे जाते आणि फुटणे वॉरंटीत बसत नाही. शून्य व्याजाच्या हप्त्यात प्रोसेसिंग फी किती आणि रोख घेतल्यास किती कमी होईल, हे दोन आकडे एकाच कागदावर मागा. दोन्हींची बेरीज तेच खरे व्याज.

पक्के बिल, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर. तक्रार झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या कायद्यानुसार विक्रेता कुठलाही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे, म्हणजे पुण्याला, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क लागत नाही.