गृहसंगणक व मुलांची माहिती

ज्या शिक्षकाच्या घरच्या संगणकावर विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, गुणपत्रके व पालकांचे पत्ते साठविलेले असतात, त्याने त्या संगणकातून बाहेर काय जाते हे जाणून घेणे अगत्याचे होय. विंडोज प्रणाली आपल्या प्रकृतीचा वृत्तान्त कंपनीस आपोआप धाडीत असते. त्यातील ऐच्छिक भागाबरोबर, प्रणाली अकस्मात बंद पडल्यास, त्या क्षणीच्या स्मृतीचा ठसाही जाऊ शकतो. आणि उघड्या फाइलीचा, म्हणजे एखाद्या वेळी हजेरीपटाचाच, तुकडा त्यात अनवधानाने अडकू शकतो. विंडोज १० मधील संकलन वाजवीपेक्षा अधिक असल्याचे फ्रान्सच्या माहितीसंरक्षण आयोगाने २०१६ साली बजावले, तेव्हा कुठे कंपनीने मूलभूत स्तरावरील संकलन जवळजवळ निम्म्यावर आणले.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ हा विभाग उघडून ऐच्छिक निदान-माहितीची कळ बंद करावी; जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांकही बंद करावा. आवश्यक म्हणून गणलेली माहिती घरगुती आवृत्तीत थांबत नाही, ही उणीवच म्हणावी लागेल. याहून रुंद वाट ‘वनड्राइव्ह’ची. ते चालू असल्यास ‘डॉक्युमेंट्स’मधील फाइली कंपनीच्या साठ्यात आपोआप जाऊन पडतात. मुलांच्या याद्या तेथून वेगळ्या फोल्डरात हलवाव्यात.