दीर्घायुषी कुटुंबे आणि स्मृतिभ्रंश : कुलवृत्त कसे घ्यावे?

“आमच्या घराण्यात सर्वांनी नव्वदी गाठली, वडिलांचे विसरणे वयाचेच,” असे आप्त सांगतात आणि वैद्यही निःशंक होतो. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही एकदा असेच घडले. पुढे तपासणीत त्या रुग्णास जीवनसत्त्व बी-१२ ची मोठी कमतरता आढळली. मधले आठ महिने मात्र वाया गेले.

दीर्घायुषी कुळात स्मृतीस काही संरक्षण लाभते, हे खरे. नेदरलँड्समधील हेंड्रिक्ये व्हॅन आंदेल-शिपर (१८९०–२००५) यांची बुद्धी ११३ व्या वर्षीही तल्लख होती. मरणोत्तर तपासणीत त्यांच्या मेंदूत अल्झायमरची चिन्हे अत्यल्प आढळली. त्यांच्या मातोश्रीही शंभर वर्षे जगल्या होत्या. शतायुषी व्यक्तींत एपीओई जनुकाचा ई-४ हा धोका वाढविणारा प्रकारही कमी आढळतो.

तथापि संरक्षण म्हणजे अभय नव्हे. अमेरिका व डेन्मार्क येथील दीर्घायुषी कुटुंबांच्या अभ्यासात (२०१३) मुलामुलींमध्ये बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण त्यांच्या जोडीदारांपेक्षा कमी दिसले. ज्येष्ठ पिढी मात्र त्यापासून मुक्त नव्हती. व्याधी टळत नाही, बहुधा लांबतो.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आयुष्याचे प्रमाण दैव व पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून मानले आहे. बीजगत बल हे दैवाच्या बाजूचे मानल्यास आहार-विहार हा पुरुषकार होय. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा आदी १४ घटक दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता वा लांबविता येईल. येथेच वैद्याचे कार्यक्षेत्र आहे.

म्हणून कुलवृत्त घेताना पूर्वज किती वर्षे जगले एवढेच न विचारता, ते कोणत्या वयापर्यंत स्वतःचे व्यवहार पाहत होते, हेही विचारावे. नवीन विस्मरण असल्यास बी-१२, थायरॉइड, रक्तशर्करा, रक्तदाब व श्रवण यांची तपासणी करावी. नैराश्य व चालू औषधे यांचाही विचार करावा. आवश्यक तेथे मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. मण्डूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची, शंखपुष्पी ही मेध्य रसायने अग्निबल पाहून जरूर योजावीत. परंतु ती निदानाची जागा घेऊ शकत नाहीत.

घराण्याचे आयुष्य हा रुग्णाचा वारसा असला, तरी वेळेवर केलेले निदान हे वैद्याचे कर्तव्य होय.