पाहिल्याने जग बदलते काय?

हल्ली व्याख्यानांतून व शिबिरांतून एक गोष्ट वारंवार सांगितली जाते : "पाहणाऱ्यामुळे वस्तू बदलते, हे क्वांटम विज्ञानाने सिद्ध केले आहे. म्हणून तुम्ही मनात जे धराल तेच घडेल. आजार जाईल, पैसा येईल." ही भाषा विज्ञानाची वाटल्यामुळे शिकलेली माणसेही तिला भुलतात. कोणी शिबिराची फी भरतो, कोणी औषधोपचार लांबणीवर टाकतो. म्हणून मूळ प्रयोग काय आहे आणि तो आपल्या घरादारापर्यंत पोहोचतो काय, याचा या पाठात विचार करू.

मूळ प्रयोग

इलेक्ट्रॉनपुढे दोन मार्ग ठेवतात. उदाहरणार्थ, दोन बारीक फटी. प्रत्येक इलेक्ट्रॉन पलीकडच्या पडद्यावर एकच ठिपका उमटवतो. परंतु हजारो ठिपके जमले की पट्ट्यांची नक्षी दिसू लागते. दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर होते तशीच ही नक्षी असते. १९८९ साली जपानमध्ये तोनोमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती एकेका ठिपक्याने कशी भरत जाते हे दाखवले. आता इलेक्ट्रॉन कोणत्या मार्गाने गेला हे टिपणारे साधन बसवले, तर नक्षी नाहीशी होते. यालाच निरीक्षणाचा परिणाम म्हणतात.

निरीक्षण म्हणजे काय?

सारा घोटाळा या शब्दात आहे. निरीक्षण म्हटले की आपल्याला डोळे व मन आठवते. २००४ साली व्हिएन्ना येथे ७० कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवून असाच प्रयोग झाला. तापलेले रेणू स्वतःच प्रकाश बाहेर टाकू लागले आणि नक्षी पुसट होत गेली. तो प्रकाश पाहायला कोणी बसले नव्हते. रेणूच्या मार्गाची खूण सभोवताली पसरली, एवढेच पुरे झाले. तात्पर्य, येथे निरीक्षण म्हणजे मनाची शक्ती नव्हे. ती एका वस्तूची दुसऱ्या वस्तूवर उमटलेली खूण होय.

घरात काय घडते?

चुलीवरच्या भांड्यावर हवेचे असंख्य रेणू व प्रकाशकण क्षणोक्षणी आदळतात. त्याची खूण सतत सर्वत्र पसरत असते. मग तुम्ही पाहा अथवा पाहू नका, भांडे जेथे आहे तेथेच असते.

आता दुधाचे उदाहरण घेऊ. समोर उभे असेपर्यंत दूध उतू जात नाही आणि पाठ फिरवली की जाते, हा घरोघरचा अनुभव आहे. केरळात जन्मलेले सुदर्शन व त्यांचे सहकारी मिश्र यांनी १९७७ साली मांडले की, फार वारंवार मोजमाप केल्यास क्वांटम अवस्थेतील बदल रोखला जातो. १९९० साली अमेरिकेत बेरिलियमच्या आयनांवर ते पडताळून पाहण्यात आले. मग हा नियम दुधाला लागतो काय? नाही. दूध वाचते ते नजरेने नव्हे, आच कमी करणाऱ्या हाताने.

आणखी दोन गैरसमज

पहिला, इच्छेने फळ मिळते हा. इलेक्ट्रॉन कोठे आदळेल याची केवळ संभाव्यता सांगता येते. तो हव्या त्या ठिकाणी पाडणे प्रयोग करणाऱ्याच्याही इच्छेवर नसते. मग ज्याचा आधार घेतात तेथेच जे नाही, ते संसारात कोठून येणार?

दुसरा, वडील समोर असले की मूल पुस्तक उघडते, तोही हाच परिणाम, असे म्हणणे. मुलाला कळते म्हणून ते बदलते. इलेक्ट्रॉनला काही कळत नाही.

याचा अर्थ क्वांटम विज्ञान आपल्यापासून दूर आहे असा नव्हे. ट्रान्झिस्टर व लेसर त्याच्याच आधारावर चालतात. अनेक शक्यतांतून एकच निकाल कसा येतो, यावर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही, हेही खरे. परंतु न सुटलेला प्रश्न म्हणजे कोणालाही काहीही विकण्याचा परवाना नव्हे.

परंपरा सांगते म्हणून वा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. 'विज्ञान सांगते' असे कोणी म्हणाला, तरी हीच कसोटी लावावी.

चिंतनासाठी प्रश्न

१. व्हिएन्नाच्या प्रयोगात नक्षी कशामुळे पुसट झाली?
२. दूध उतू न जाण्याचे खरे कारण कोणते?
३. 'मनात धरा, आजार जाईल' असे सांगणाऱ्यास तुम्ही कोणता प्रश्न विचाराल?