डोडोचे चित्र वर्गात वाचताना

५ जूनची चित्रकला स्पर्धा आठवा. अर्धी हिरवी, अर्धी काळी पृथ्वी, तिच्या डोळ्यात अश्रू, खाली 'झाडे लावा'. मुलं दरवर्षी तेच काढतात, आपण दरवर्षी त्यालाच बक्षीस देतो. यात मुलांची चूक नाही. आपण त्यांना बघायला काही दिलेलंच नसतं.

यंदा मी सहावीच्या वर्गात एक जुनं चित्र लावलं. नाव, काळ काहीच सांगितलं नाही. दोन मिनिटं नुसतं पाहायचं. मध्यभागी बोजड अंगाचा, वाकड्या चोचीचा पक्षी. भोवती इतर पक्षी : हिमालयातला ट्रॅगोपॅन, डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, पखुर्डी. हे हंस हिवाळ्यात उजनीलाही येतात. दोघा-तिघांनी ते ओळखले. मधला मात्र कुणालाच ओळखता येईना. "टर्की असेल, सर."

तो डोडो. साधारण १६२५ च्या सुमाराचं हे चित्र जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जातं; आज ते रशियात सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. डोडो फक्त मॉरिशसचा. पण पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने त्याच काळात सुरतेला दोन डोडो पाहिल्याची नोंद आहे. म्हणजे चित्रकारासमोर जिवंत पक्षी असण्याची शक्यता मोठी. युरोपातली बरीच चित्रं एकमेकांवरून किंवा पेंढा भरलेल्या पक्ष्यावरून काढलेली. म्हणून अभ्यासक या चित्राला इतकी किंमत देतात.

१५९८ मध्ये डच खलाशी मॉरिशसला उतरले. डोडोला उडता येत नव्हतं, घरटं जमिनीवर. माणसांनी मारले ते मारलेच, पण जहाजांतून आलेले उंदीर, डुकरं आणि माकडं अंड्यांवर तुटून पडली, जंगलही तुटलं. १६६२ नंतर डोडो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. चौसष्ट वर्षं! मुलांनी फळ्यावर वजाबाकी केली आणि वर्ग गप्प झाला. एका मुलीने विचारलं, "चित्र काढणाऱ्याला माहीत होतं का, हा संपणार आहे?"

नसावं. तो फक्त नीट पाहत होता. आजच्या चित्रकाराला माहीत असतं. अमेरिकेच्या वॉल्टन फोर्डने २००२ मध्ये 'फॉलिंग बाऊ' काढलं : प्रवासी कबुतरांनी लगडलेली प्रचंड फांदी कोसळतेय. एकेकाळी आकाश झाकणाऱ्या त्या जातीतलं शेवटचं कबूतर, मार्था, १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. दोन्ही चित्रं शेजारी लावा, फरक मुलंच सांगतात. (प्रिंट रंगीतच काढा. झेरॉक्सवर पिसं दिसत नाहीत.)

मग म्हटलं, आता माळढोक काढा. नान्नजचं अभयारण्य आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, त्याच पक्ष्यासाठी केलेलं. एक मुलगा पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "सर, पाहिलाच नाही तर काढू कसा?" मी म्हटलं, घरी विचारून ये.

दुसऱ्या दिवशी तो आजोबांनाच घेऊन आला. आजोबांनी हात छातीपर्यंत उचलून उंची दाखवली, मान कशी ताठ असायची ते स्वतः करून दाखवलं. सगळा वर्ग खोडरबर घेऊन पुन्हा पुन्हा मान खोडत बसला.