फवारणीचे औषध गाडीतून नेताना

पोळ्याच्या आसपास कपाशीला पात्या-फुले धरू लागली, की आमच्या दवाखान्यात एका ठरावीक तऱ्हेचे रोगी येऊ लागतात. दरदरून घाम, तोंडातून लाळ, ओकाऱ्या, डोळ्यांपुढे अंधारी. नातेवाईक सांगतात, "डॉक्टरसाहेब, फवाऱ्यावर होता." परंतु एकदा अशाच लक्षणांनी आलेल्या बाईने पंपाला हातही लावलेला नव्हता. ती निंदणाला जाणारी मजूर. मालवाहू गाडीत ज्या पोत्यावर ती बसली, त्याखाली औषधाचा डबा आडवा झाला होता आणि त्याचे झाकण सैल होते. लुगडे पावसाने ओले झाले असेल असे समजून तीन-चार तास ती तशीच वावरात निंदत राहिली. वेळेत उपचार झाले म्हणून वाचली. तेव्हापासून मी अशा प्रत्येक रोग्याला विचारतो, औषध आणले कशातून आणि कशासोबत?

२०१७ च्या फवारणी हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते कोणी विसरलेले नाही. वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. तेव्हापासून हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याची दिशा यांवर बरेच बोलले जाते आणि ते आवश्यकच आहे. पण दुकान ते वावर या वाटेवरच्या धोक्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

खरे तर आपला कीटकनाशक कायदाच अशा एका प्रवासातून जन्मला. १९५८ साली मुंबईहून कोचीनला जाणाऱ्या जहाजात गव्हाच्या पिठाची पोती आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक एकत्र ठेवले गेले. औषध गळले, पिठात मुरले. ते पीठ खाऊन केरळात शंभरहून अधिक माणसे मेली. चौकशी आयोग बसला आणि पुढे १९६८ चा कायदा झाला. १९७१ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की कीटकनाशकाचा खाद्यपदार्थांशी वा जनावरांच्या खाद्याशी संपर्क येईल अशी वाहतूक करू नये. आठवडी बाजाराच्या दिवशी आपली पिशवी तपासून पाहा. खाली औषधाची बाटली, वर मिरच्या, त्यावर पोरांसाठी जिलबी. जहाज मोठे होते, आपली पिशवी लहान आहे, एवढाच काय तो फरक!

विष अंगात शिरते कसे?

पुष्कळांना वाटते, पोटात गेले तरच विष बाधते. तसे नाही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधे कातडीतूनही शरीरात जातात. घामाने भिजलेल्या अंगातून, ओल्या कपड्यातून तर अधिकच. मज्जातंतूंनी स्नायूंना व ग्रंथींना दिलेला संदेश थांबवणारे एक द्रव्य आपल्या शरीरात असते. ही औषधे तेच निकामी करतात. मग संदेश थांबतच नाही. घाम-लाळ वाहत राहते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, छातीत कफ दाटून श्वास कोंडतो.

नेताना एवढे पाळा

१. बाजारातील सर्व कामे उरकल्यावर औषध शेवटी घ्या आणि थेट घरी वा वावरात जा. उन्हात उभ्या गाडीत ते ठेवून चहाला बसू नका.

२. फुटकी, गळकी वा सील तुटलेली बाटली घेऊ नका. वेष्टनावरील चौकोनाचा खालचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पण हिरवाही निर्धोक नव्हे.

३. झाकण घट्ट लावून बाटल्या उभ्या ठेवा. झाकणाच्या प्लास्टिक बादलीत, मध्ये कागद वा चिंध्या कोंबून ठेवल्यास त्या आपटत नाहीत आणि गळले तरी बादलीतच राहते. बादली दोरीने बांधा व पुन्हा घरकामाला वापरू नका.

४. चालकाच्या बंद खोलीत औषध नको. मागे ठेवले तर तेथे माणसे, किराणा, बियाणे, ढेप, कडबा नको. दोन खेपा झाल्या तरी चालतील. मजुरांचे डबे व पाण्याची कॅन तर दूरच ठेवा.

५. थंड पेयाच्या बाटलीत औषध ओतून नेऊ नका. रिकामा डबाही कशाला वापरू नका. बिहारमधील गंडामन गावी २०१३ साली शाळेच्या जेवणातून २३ मुले गेली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळलेले होते.

सांडलेच तर

गाडी थांबवा, माणसे वाऱ्याच्या उलट बाजूला न्या, विडी-सिगारेट विझवा. हातमोजे घालून त्यावर कोरडी माती वा राख टाका, शोषली की फावड्याने वेगळ्या पिशवीत भरा. गाडी नाल्यावर वा विहिरीपाशी धुऊ नका. औषध लागलेले धान्य जनावरांनाही घालू नका.

अंगावर उडाले तर कपडे लगेच उतरवा. यात लाज नको. साबण व भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवा. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी सोडा. धुणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचे वेष्टन वा त्याचा मोबाईलवर काढलेला फोटो सोबत आणा. कोणते विष हे कळले, की ॲट्रोपिनसारखा उतारा द्यायचा की नाही, हे आम्हाला लवकर ठरवता येते.

आपण याला 'औषध' म्हणतो, ते पऱ्हाटीपुरते खरे. गाडीत ठेवताना मात्र त्याला विषच म्हणा, म्हणजे त्याच्या शेजारी लेकरू बसवायला तुमचा हात धजणार नाही.