संगणक बदलायचा की नाही? आधी कामांची यादी, मग निर्णय



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला अनेकांकडून ऐकू येतोय. जळगावात एका पालकांनी विचारला, तर धुळ्याकडच्या एका मुख्याध्यापकांनी फोन करून थेट अहिराणीतच विचारला, "सर, आते काय करानं?"

त्यांच्या शाळेत दहा संगणक आहेत. सगळे लोकवर्गणीतून आलेले. कुणी कापूस विकल्यावर पाचशे दिले, कुणी मुलाच्या नोकरीच्या आनंदात हजार दिले. संगणक अजून चालतात. पण दुकानदार म्हणाला, "विंडोज १० बंद झालं, हे आता भंगार समजा, नवीन घ्या." शाळेतला तरुण शिक्षक म्हणाला, "सगळ्यांवर लिनक्स टाकू, फुकट आहे." आणि लिपिक म्हणाले, "काय करायचं ते करा, पण माझ्या संगणकाला हात लावू नका."

गंमत अशी की तिघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. मात्र तिघांपैकी एकाचंच ऐकलं असतं तर गावाचा पैसा तरी गेला असता किंवा शाळेचं काम तरी अडलं असतं. म्हणून आजचा पाठ संगणकाचा असला तरी खरं तर तो निर्णय कसा घ्यावा याचा आहे.

मुळात झालंय काय?

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ ला आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा मोफत आधार संपला. याचा अर्थ संगणक त्या दिवशी बंद पडला असा नाही. तो आधीसारखाच सुरू होतो, फाइल उघडतो, छपाई करतो. फरक इतकाच की सुरक्षेतल्या नव्या फटी बुजवणारे अपडेट आता आपोआप मोफत मिळत नाहीत. घराचं दार शाबूत आहे, पण कुलूप दुरुस्त करणारा यायचा थांबला, असं समजा. ज्या संगणकावर इंटरनेट चालतं, पगाराची माहिती भरली जाते, मुलांचे आधार क्रमांक असतात, तिथे हा धोका मोठा. जो कोपऱ्यात इंटरनेटशिवाय मुलांच्या टायपिंग सरावासाठी ठेवलाय, तिथे कमी. त्या संगणकावर पेन ड्राइव्ह मात्र जपून लावा.

मग विंडोज ११ का टाकत नाही? कारण ती प्रत्येक यंत्रावर अधिकृतपणे बसत नाही. तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपल्याकडे 'डिजिटल शाळा'च्या उत्साहात २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले बहुतेक संगणक या अटीत बसत नाहीत.

पायरी १ : आठवडाभराची यादी

रावेर-यावलचा केळी उत्पादक पाटाचं पाणी सोडून ठिबककडे वळताना काय करतो? "ठिबक चांगलं का?" एवढंच विचारून तो थांबत नाही. विहिरीला पाणी किती, वीज किती तास, जमीन कशी, हे आधी बघतो. आपणही "कोणता संगणक चांगला?" हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. "आपल्याकडे कोणतं काम होतं आणि ते कशावर अडेल?" हा प्रश्न घेऊ.

एक वही घ्या. आठवडाभर संगणकावर जे काम होईल ते लिहा. कोणी केलं, कोणत्या प्रोग्राममध्ये, कोणतं यंत्र जोडून. त्या मुख्याध्यापकांनी अशी वही केली, तेव्हा कामांचे तीन गट पडले.

पहिला गट ब्राउझरमध्ये होणाऱ्या कामांचा. यू-डायस प्लस, शालार्थ, ई-मेल, दीक्षावरचे व्हिडिओ. ही कामं विंडोजवर होतात तशी सहसा लिनक्सवरही होतात, कारण ती वेबसाइटवर चालतात. पण कुठे डिजिटल सहीचं टोकन लावावं लागत असेल, तर ते चालतं का हे स्वतः लावून बघा.

दुसरा गट मुलांच्या कामाचा. चित्र काढणं, टायपिंग, भूमितीसाठी जिओजेब्रा, प्रोग्रामिंगची ओळख म्हणून स्क्रॅच, निबंध लिहायला लिब्रे ऑफिस. हे सगळं लिनक्सवर चालतं, आणि मोफत चालतं.

तिसरा गट अडणाऱ्या कामांचा. यात त्यांचा जुना प्रिंटर होता, आणि लिपिकांकडच्या वीस वर्षांच्या फाइली होत्या. लिपिक विनाकारण हट्ट करत नव्हते, हे इथे कळलं.

पायरी २ : मराठी फाँटची गाठ

हा मुद्दा इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सहसा सापडत नाही, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

युनिकोडमध्ये 'कमल' लिहिलं की संगणक क, म, ल हीच अक्षरं साठवतो. ती फाइल विंडोज, लिनक्स, मोबाईल, कुठेही नेली तरी 'कमल'च दिसते. पण कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये 'कमल' लिहिलं की आत साठवली जातात डी, ई आणि वाय ही तीन इंग्रजी अक्षरं. फाँट फक्त त्यांच्यावर देवनागरी मुखवटा चढवतो. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसेल तर मुखवटा गळून पडतो आणि तुमची प्रश्नपत्रिका अगम्य इंग्रजी अक्षरांची रांग होऊन बसते.

म्हणून संगणक बदलायच्या आधी जुन्या फाइली दोन गटांत वाटा. ज्या नुसत्या जपायच्या आहेत (जुने ठराव, जुने दाखले) त्या आत्ताच, जुन्याच संगणकावर पीडीएफ करून ठेवा. ज्यांत पुन्हा बदल करायचेत (प्रश्नपत्रिका, अर्जांचे नमुने) त्या फाँट परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि नंतर नजरेखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. मुलाच्या दाखल्यावरचं आडनाव चुकलं तर त्याचा त्रास त्याला पुढे कॉलेजपर्यंत होतो, हे आपण जाणतोच.

बोटांच्या सवयीचाही विचार करा. इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येही आहे आणि लिनक्समध्येही. पण ज्यांची बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर बसलीत, त्यांच्यासाठी तशी मांडणी नव्या प्रणालीत मिळते का आणि तीच अक्षरं त्याच जागी येतात का, हे त्यांनाच बसवून तपासा. आपण परस्पर "होईल सवय" म्हणू नये.

पायरी ३ : यंत्राची तपासणी

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाऊट उघडा. प्रोसेसर आणि रॅम दिसेल, ते वहीत लिहा. डिस्क जुनी फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी, हेही बघा. अनेकदा 'संगणक म्हातारा झाला' असं आपण म्हणतो, पण दोष फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिथे एसएसडी लावली की तोच संगणक पटकन सुरू होतो. भाव बदलत असतात, म्हणून जळगावला गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात आग्रा रोडवर दोन-तीन ठिकाणी विचारून लेखी दरपत्रक घ्या.

पायरी ४ : वाटा किती आहेत?

१. आहे तेच, थोडा काळ. घरच्या विंडोज १० संगणकासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. शैक्षणिक परवाना असलेल्या संस्थांसाठी प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा दर आहे. याने प्रश्न सुटत नाही, पण विचाराला वेळ मिळतो.

२. विंडोज ११. यंत्र पात्र असेल आणि काम विंडोजवरच होणारं असेल, तर हीच सरळ वाट.

३. लिनक्स. मिंट, उबुंटू किंवा सी-डॅकने तयार केलेली भारतीय 'बॉस' प्रणाली. लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती २ जीबी रॅमवर सुरू होते, पण नीट काम करायचं तर ४ जीबी हवी.

४. क्रोमओएस फ्लेक्स. हीसुद्धा मोफत आहे. पण तिचं बरंचसं काम इंटरनेटवर अवलंबून असतं. गावात नेट दुपारनंतरच येत असेल तर विचार करा.

५. नवीन खरेदी. इथे डेस्कटॉप की लॅपटॉप हाही प्रश्न येतो. वीज वारंवार जात असेल तर लॅपटॉप बरा, कारण वेगळा यूपीएस लागत नाही. पण डेस्कटॉपचा कीबोर्ड, माऊस, रॅम सुटे बदलता येतात. मुलांच्या हाताखालच्या यंत्राला हे फार उपयोगी पडतं.

दुसऱ्यांनी काय केलं?

केरळने शाळांसाठी आयटी@स्कूल हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू केला आणि पुढे शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. २०१९ मध्ये तिथल्या शाळांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली नवी आवृत्ती जाहीर झाली, आणि त्यातून ३,००० कोटी रुपये वाचतील असा तिथल्या यंत्रणेचा अंदाज होता. पण आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी नुसती सीडी वाटली नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरला धरून लिहिली.

उलट उदाहरण जर्मनीतल्या म्युनिक शहराचं. त्या महापालिकेने २००४ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. म्हणजे पूर्ण बदलूनही काम अडल्याच्या तक्रारी आणि माणसांची नाराजी उरली तर गाडी मागे येऊ शकते. लिपिकांना विश्वासात का घ्यायचं, हे इथे समजतं.

आधी एक एकर

आपला शेतकरी नवं वाण आधी एका एकरात लावून बघतो. संगणकातही ही सोय आहे. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स घ्या आणि संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. स्थापनेचं बटण दाबत नाही तोवर आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. पेन ड्राइव्ह काढा, संगणक पुन्हा पहिल्यासारखा. थोडा हळू चालेल, पण प्रिंटर, आवाज, वायफाय, मराठी टायपिंग, सगळं तपासता येतं.

त्या मुख्याध्यापकांनी पंधरा दिवस एकाच संगणकावर हे केलं. लिपिकांनाच परीक्षक केलं. जुना प्रिंटर लिनक्सवर चालला नाही. बाकी बहुतेक कामं झाली. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव झाला तो असा : कार्यालयाचा एक संगणक नवीन घ्यायचा, विंडोज ११ चा, आणि प्रिंटर त्यालाच जोडायचा. सात संगणकांवर लिनक्स टाकायचं. एक इंटरनेट काढून जुन्याच अवस्थेत ठेवायचा, जुन्या फाइलींसाठी. दहावा खरंच बिघडलेला होता. तो डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करून, आतली डिस्क काढून घेऊन, अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यायचा. दहाच्या जागी एकच नवीन घ्यावा लागला. वर्गणीतून उरलेल्या रकमेत एसएसडी बसल्या.

पालकांसाठी दोन शब्द

मूल आठवीपर्यंतचं असेल तर कोणतीही प्रणाली चालेल. फाइल जपणं, टाइप करणं, शोधणं, तपासणं या सवयी सगळीकडे सारख्याच. पण अकरावी-बारावी वाणिज्यचं मूल टॅली शिकत असेल किंवा एमएस-सीआयटीला बसणार असेल, तर त्याच्या हाताशी विंडोज असू द्या. शेजारच्याने घेतला म्हणून महागडा लॅपटॉप घेऊ नका. कॉलेजने लेखी काय मागितलंय ते आधी बघा.

वर्गात घेण्याजोगा उपक्रम (सातवी ते नववी, दोन तासिका)

पहिल्या तासिकेत मुलांचे चार गट करा : लिपिक, शिक्षक, विद्यार्थी आणि पैसे देणारं गाव. प्रत्येक गटाने आपली पाच कामं किंवा अपेक्षा लिहायच्या आणि त्यांना महत्त्वाप्रमाणे १ ते ५ गुण द्यायचे. दुसऱ्या तासिकेत फळ्यावर वरच्या पाच वाटांचा तक्ता काढा आणि प्रत्येक वाट कोणती कामं पूर्ण करते ते बघून गुणांची बेरीज करा. शेवटी एकच प्रश्न विचारा : "ज्या गटाला सगळ्यात कमी मिळालं, त्याच्यासाठी काय सोय कराल?"

या शेवटच्या प्रश्नावर वेळ द्या. बेरीज मुलं पटकन करतात. ज्याचं काम अडणार आहे त्याला आधी विचारायचं, हे मात्र मुद्दाम शिकवावं लागतं.