भाड्याचे छोटे घर : मोकळे कसे दिसेल, आपले कसे वाटेल?



आपल्यापैकी कितीतरी जण भाड्याच्या घरात राहतात. कुणाची बदली झालेली असते, कुणाचं स्वतःच्या घराचं अजून जुळत नसतं. करार बहुधा ११ महिन्यांचा. मग "हे घर आपलं थोडंच आहे!" असं म्हणत भिंती कोऱ्या राहतात, निम्मी खोकी बांधलेलीच राहतात. पण मुलांचं बालपण करार संपेपर्यंत थांबत नाही. त्यांच्यासाठी आज राहतो तेच घर. म्हणून थोडक्या खर्चात आणि घरमालकाची भिंत न बिघडवता काय करता येईल, ते पाहू.

१) आधी मोजा, मग मांडा

चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे एक फूट. मुलांच्या हातात टेप द्या आणि खोलीचा नकाशा काढा. समजा खोली १० × १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट आहे. त्यात दिवाण ६ × ४ = २४, सोफा ५ × २.५ = १२.५, टेबल ४ × २ = ८ आणि कपाट ३ × १.५ = ४.५. एकूण ४९ चौरस फूट सामानाने व्यापले. सोफा काढला आणि टेबल घडीचे घेतले, तर २०.५ चौरस फूट जागा सुटते. बसायला दिवाण आणि सतरंजी आहेच. सामानाचे कागदी तुकडे कापून नकाशावर सरकवून बघा. कपाट ओढत बसायची गरज नाही. क्षेत्रफळाचा पाठही घरच्या घरी होतो.

२) जमीन जितकी दिसेल, तितकी खोली मोठी

फरशी दिसली की खोली मोकळी वाटते. पेटीचा दिवाण असेल तर अंथरुणं त्याच्या पोटात जातात. रोज न लागणाऱ्या वस्तू माळ्यावर ठेवा. रुंद आणि बुटक्या मांडणीपेक्षा उंच, अरुंद मांडणी बरी. मात्र लहान मुलं तिला धरून चढतात, म्हणून जड वस्तू खालच्या कप्प्यात ठेवा आणि मांडणी हलत नाही ना, ते तपासा.

३) उजेड अडवू नका

खिडकीसमोर कपाट नको. पडदे फिक्या रंगाचे, पातळ कापडाचे घ्या. खिडकीसमोरच्या भिंतीवर आरसा असेल तर तो उजेड खोलीत परत टाकतो.

४) खिळा न ठोकता आपलेपण

आधीचे खिळे असतात, तेच वापरा. नवा ठोकायचा किंवा रंग द्यायचा असेल तर घरमालकांना आधी विचारा, म्हणजे डिपॉझिटच्या वेळी वाद नको. वारली चित्र भिंतीवर काढण्यापेक्षा पुठ्ठ्यावर किंवा कापडावर काढा. आजीच्या जुन्या साडीची गोधडी दिवाणावर घाला. खिडकीत तुळशीची कुंडी ठेवा. घर बदललं तरी या वस्तू सोबत येतात आणि नव्या घरातही मुलांना ओळखीच्या वाटतात.

५) मुलाचा एक कोपरा

वेगळी खोली नको, ३ × ३ फूट पुरे. एक आसन, घडीचं मेज आणि मुलाने स्वतः सजवलेला पुठ्ठ्याचा फलक एवढं बास. मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून येऊ द्या, वहीवर हाताची सावली पडणार नाही. त्या कोपऱ्यात कपड्यांचा ढीग ठेवायचा नाही, हा नियम मोठ्यांनीही पाळायचा!

शिक्षकांसाठी एक गोष्ट : नकाशाचा हा उपक्रम वर्गात घ्यायचा असेल तर वर्गखोलीच मोजायला द्या. घराची मापं सगळ्यांसमोर विचारू नका. एका खोलीत सहा जण राहणारं मूल तिथे गप्प होतं.

घर कागदोपत्री कुणाचंही असो, "ही माझी जागा" असं मुलाला म्हणता आलं पाहिजे. या रविवारी टेप काढा आणि सुरुवात करा.